काउंटरच्या अलीकडून

९ जून

भिंगरी,

फोन लावला की एकदाच वाजतो आणि तुटतो. म्हणजे तू माझा नंबर ब्लॉक केलायस, एवढं मला कळतं. म्हणून हे पत्र, तेही शाळेच्या पत्त्यावर, कारण घरचा पत्ता आई सांगत नाही. "तिने सांगू नकोस म्हटलंय," म्हणते. आई राहते माझ्याकडे, औषधं मी आणते, केस मी विंचरते, आणि गुपितं मात्र तुझी सांभाळते. असो.

पत्राचं कारण आईचं आहे, माझं नाही. तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चोवीस तारखेला ठरलंय. डॉक्टर म्हणतात साधं आहे, दुपारी घरी सोडतील. ती सारखी विचारत असते, धाकटीला कळवलंस का. कळवलं.

बाकी ठीक. मी अजून जिमच्या काउंटरलाच आहे. सकाळी साडेपाचला शटर उघडायला मीच, नवीन मेंबरचे फॉर्म भरून घ्यायला मीच, लॉकरची किल्ली हरवली की शिव्या खायलाही मीच.

जे झालं त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. तू एका ट्रेनरविरुद्ध तक्रार केलीस, मालकांनी मला एक प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं. काउंटरवर बसणाऱ्या माणसाचं कामच ते. तेवढ्यावरून तू शाळा बदललीस, गाव बदललंस आणि सव्वा वर्ष माझ्याशी अबोला धरलास. सख्ख्या बहिणी याहून मोठ्या गोष्टी पोटात घालतात.

येणार असशील तर आईला सांग. मला नाही सांगितलंस तरी चालेल.

ताई


२ जुलै

भिंगरी,

ऑपरेशन नीट झालं. तुझं पार्सलही मिळालं. आईला काळा चष्मा चांगला बसलाय. घरातसुद्धा काढत नाही, एखाद्या गुप्तहेरासारखी खुर्चीत बसून असते. मी ते पाकीट उलटं करून झटकलं. माझ्यासाठी एका ओळीची चिठ्ठीसुद्धा नव्हती.

"तिला ऑपरेशनचं मीच पत्राने कळवलं," मी आईला म्हटलं.

"हो का? ती काही बोलली नाही पत्राचं."

म्हणजे तुमचं रोज बोलणं होतं आणि त्यात माझं पत्र येतच नाही. पोस्टमनने गिळलं बहुतेक.

तुला आठवतं का, बाबा तुला मैदानावर न्यायचे? हातात स्टॉपवॉच. मीही यायचे. माझं काम तुझ्या चपला सांभाळायचं. तू वाऱ्यासारखी सुटायचीस, बाबा "भिंगरी, पळ!" म्हणून ओरडायचे आणि मी तुझ्या चपला घेऊन उभी. बाबांनी मला कधी टोपणनाव ठेवलं नाही. मोठी मुलगी जन्मतःच ताई असते, तिला आणखी नाव कशाला? मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तू खेळाची शिक्षिका झालीस, मी चपलांऐवजी लॉकरच्या किल्ल्या सांभाळायला लागले. ज्याचं त्याला मिळालं.

सरांबद्दल मात्र एक सांगते. (ट्रेनरला इथे सगळे सर म्हणतात. तू काय म्हणतेस ते मला माहीत आहे.) तू जिम लावण्याआधी सर रोज सकाळी माझ्या काउंटरवर कोपर टेकून दहा मिनिटं उभे राहायचे. "मॅडम, तुम्ही नसता तर ही जिम केव्हाच बंद पडली असती," म्हणायचे. माझी खुर्ची कुरकुरायची, ती त्यांनी स्वतः पाना आणून घट्ट करून दिली. एवढंच. त्यात वाईट काही नव्हतं. पण लग्न मोडून दोन वर्षांत माहेरी परत आलेल्या बाईसाठी सकाळची दहा मिनिटं म्हणजे काय असतं, ते तुला कळायचं नाही. तुझ्या वाट्याला कुणाची ना कुणाची दहा मिनिटं कायम आली.

तू आलीस आणि दुसऱ्या आठवड्यापासून सर काउंटरवर थांबेनासे झाले.

आता एक नर्स येते. मार्चपासून. रात्रपाळी संपवून थेट जिममध्ये. तुझ्यासारखीच उंच, पाठ ताठ, पायांत तीच स्प्रिंग. सर तिच्या मशीनपासून हलत नाहीत. "मान सरळ, कंबर सरळ," करत हात लावून लावून शिकवतात. मी काउंटरवरून बघते. काही बायकांना देव सगळं एकाच टोपलीत घालून देतो.

ताई


१९ जुलै

भिंगरी,

उत्तर नाही. ठीक आहे. तरी मी लिहिणार. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

काल सकाळी ती नर्स काउंटरवर आली. घामाने ओली, पण चेहरा पांढरा. म्हणाली, "तक्रारीचा फॉर्म द्या."

मी म्हटलं, "एसी चालत नाही का?"

"एसीची तक्रार नाही. तुमच्या ट्रेनरची आहे."

मग तिने तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. आवाज खाली, शब्द मोजून, जणू पेशंटचा रिपोर्ट देतेय. पंधरा दिवसांपूर्वी तिने त्याला सांगितलं, हात लावू नका, तोंडाने सांगा. तो हसला, म्हणाला, नर्स असून स्पर्शाला घाबरता? त्यानंतर तिच्या फोनवर मेसेज सुरू झाले. तिने त्याला कधी नंबर दिला नव्हता. मग चेंजिंग रूमच्या बाहेरच्या बाकावर तो बूट बांधत बसायला लागला, रोज, ती आत असेल तेव्हाच. परवा हॉस्पिटलच्या गेटशी उभा होता.

"माझा नंबर त्याला कुठून मिळाला?" तिने विचारलं. "मी तो फक्त तुमच्या फॉर्मवर लिहिलाय."

मी ड्रॉवरमध्ये फॉर्म शोधत राहिले.

"आणि एक सांगा. याआधी कुणी तक्रार केली होती का त्याच्याविरुद्ध?"

"नाही," मी म्हटलं.

मावशी तेव्हा काउंटरसमोरची फरशी पुसत होती. तुला मावशी आठवत असेल, सफाईवाली, सरांना मागे 'डंबेल्या' म्हणते ती. तिने पोछा बादलीत टाकला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "नाही कशी? होती की. यांच्याच सख्ख्या बहिणीने केली होती. बिचारी इथेच उभी होती, तुम्ही आहात तिथेच."

नर्सने माझ्याकडे बघितलं. भांडली नाही. फॉर्म घेतला, खिशातलं स्वतःचं पेन काढलं (काउंटरचं घेतलं नाही) आणि बाकावर बसून लिहायला लागली.

मी मावशीला नंतर म्हटलं, तुला मध्ये तोंड घालायची गरज होती का? ती म्हणाली, "ताई, मी आत आरसे पुसते. आरशात सगळं दिसतं. तुम्ही पण काउंटरवरून बघता. मग न बघितल्यासारखं कोण करतं, ते आपलं आपल्याला ठाऊक."

दिवसभर मला मावशीचा राग येत होता. आज येत नाहीये. दुसऱ्याच कुणाचा तरी येतोय.

ताई


४ ऑगस्ट

भिंगरी,

हे पत्र मी दोनदा फाडलं. हे तिसरं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मालकांनी विचारलं, मी उत्तर दिलं. उत्तर काय दिलं ते लिहिलं नाही. तुलाही नेमकं माहीत नसेल. तुला फक्त मालकांचा निरोप मिळाला, की तक्रारीत तथ्य आढळलं नाही आणि तुमची मेंबरशिप आम्ही थांबवत आहोत.

आधी नंबरचं सांगते. तुझा नंबर सरांना मी दिला. त्यांनी मागितला म्हणून. फार दिवसांनी ते काउंटरवर थांबले होते, कोपर टेकून, पूर्वीसारखे. म्हणाले, "मॅडम, तुमच्या बहिणीला डाएटचा तक्ता पाठवायचाय." मला माहीत होतं तक्ता-बिक्ता काही नाही. तरी मी फॉर्म काढला, आकडे सावकाश वाचून दाखवले, दोनदा. ते आणखी दोन मिनिटं उभे राहावेत म्हणून. तुझा नंबर देऊन मी दोन मिनिटं घेतली. नर्सचा नंबरही असाच गेला. त्या वेळी तर मी सावकाशसुद्धा वाचला नाही, फॉर्मच समोर सरकवला.

आता ती संध्याकाळ. तू स्वयंपाकघरात मला फोन दाखवलास. ओट्याला टेकून उभी होतीस. "ताई, वाच," म्हणालीस. मी वाचले. एक्केचाळीस मेसेज होते. मी मोजले. तू रडत होतीस आणि मी मोजत होते. चार वर्षांत सरांनी मला दोन मेसेज पाठवले होते. एक, 'मागच्या दाराची चावी कुठे आहे?' आणि दुसरा, 'सापडली.'

ते एक्केचाळीस मेसेज घाण होते. एकातसुद्धा माणसाने माणसाला लिहावं असं काही नव्हतं. तू शाळेतून सुटतेस ती वेळ लिहिली होती, तू कोणता टी-शर्ट घातला होतास ते लिहिलं होतं. कुणीही वाचलं असतं तर अंगावर काटा आला असता. माझ्या पोटात दुखलं, पण वेगळ्याच कारणाने. मी काय म्हणाले ते तुला आठवतं? "तूच काहीतरी हसून बोलली असशील." तू फोन माझ्या हातातून काढून घेतलास. भांडली नाहीस. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी तू तक्रारीचा अर्ज दिलास. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुमची बहीण आहे, तुम्हीच सांगा, खरं आहे का?" त्यांनाही खरं असायला नकोच होतं. सर गेले असते तर निम्मे मेंबर त्यांच्यामागे गेले असते. त्यांनी दार उघडं ठेवलं होतं, पण आत मी माझ्या पायांनी गेले. मी म्हणाले, "तिला लहानपणापासून तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे. सगळ्यांनी आपल्याकडे बघावं असं तिला वाटतं."

मालकांनी तुझ्या अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'घरच्याच व्यक्तीच्या म्हणण्यानुसार तथ्य नाही.' खाली सही. म्हणाले, हा फाइलला लावू नका, टाकून द्या.

मग सर सगळीकडे सांगत सुटले, की ती माझ्या मागे लागली होती, मी भाव दिला नाही म्हणून बदनामी करते. चोराच्या उलट्या बोंबा. ते तुझ्या शाळेतल्या पालकांपर्यंत गेलं आणि मुख्याध्यापिकाबाईंनी तुला बोलावून 'काही दिवस सुट्टी घ्या' म्हटलं. हे सगळं मला तेव्हा कळत होतं. तू बॅग भरत होतीस तेव्हा मी शेजारच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होते. तुझा एक शर्टही केला. तू तो घेतला नाहीस.

तुझा अर्ज मी टाकला नाही. का, ते मला सांगता येत नाही. प्रामाणिकपणा म्हणून नाही एवढं नक्की. तो माझ्या कपाटात आहे.

माफी मागायला हे लिहीत नाहीये. मागितली तर तू ती द्यायची की नाही याचा विचार करत बसशील, आणि तेवढा वेळही मी तुझा घेईन.

ताई


३० ऑगस्ट

भिंगरी,

तू त्या नर्सला ताई म्हणतेस?

आज आई फोनवर बोलत होती, स्पीकर चालू ठेवून, कारण तिला तो बंद करता येत नाही. मी भांडी घासत होते. तू म्हणालीस, "ताईंनी वकील शोधलीय, ताई म्हणाल्या घाबरू नकोस." आईने माझ्याकडे बघून घाईघाईने भलतंच बटण दाबलं. माझ्या हातातला पेला सिंकमध्ये पडला. क्षणभर मला वाटलं होतं तू माझ्याबद्दल बोलतेयस.

तिने मावशीकडून तुझ्या शाळेचं नाव मिळवलं, तुला गाठलं, महिनाभर तुम्ही रोज बोलताय. मला सगळं आजच कळलं. जेमतेम महिन्याभराची ओळख असलेली बाई! तिच्याशी तासतासभर बोलायला तुला सापडतं आणि माझ्या चार पत्रांना अर्ध्या ओळीचं उत्तर नाही. मी तुला शाळेत सोडायला जायचे. तुझी पहिली पायमोज्यांची जोडी मी धुतलीय. तू मैदानात पडलीस तेव्हा गुडघ्यातली खडी मी काढली, तिने नाही, ती नर्स असली तरी.

हे लिहून दोन तास झाले. वरचं वाचलं. खोडणार होते, पण राहू दे. मी कशी आहे ते तुला माहीत असलेलं बरं.

बातमी अशी आहे. चौकशी समिती बसतेय, सोळा तारखेला. नर्सच्या वकिलाने नोटीस पाठवली तेव्हा मालकांना जाग आली. बाहेरची एक वकीलबाई अध्यक्ष आहे. तुला बोलावणं आलंच असेल. मलाही आलंय.

काल मालकांनी मला केबिनमध्ये बसायला सांगितलं. सात वर्षांत पहिल्यांदा. चहा मागवला. "तो जुना अर्ज तुम्ही टाकला होतात ना?" मी कप तोंडाला लावला. मग म्हणाले, नवी शाखा उघडतेय, तिथे मॅनेजर म्हणून तुमचंच नाव डोक्यात आहे. वेगळी केबिन, दोन मुली हाताखाली. "तुम्ही आमच्या घरच्यासारख्या. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे."

घरी येताना मी त्या केबिनचा विचार करत होते. खोटं कशाला बोलू, पडदे कुठल्या रंगाचे लावायचे इथपर्यंत पोचले होते.

ताई


१७ सप्टेंबर

भिंगरी,

काल तुझी साक्ष झाल्यावर तुला खाली पाठवलं आणि मग मला आत बोलावलं. म्हणून आत काय झालं ते तुला माहीत नाही. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

आधी बाहेरचं. मी पॅसेजमध्ये वाट बघत होते. तिथे एकच खुर्ची होती आणि तिच्यावर सर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. मला बघून उठले. म्हणाले, "मॅडम, बसा ना. तुमच्यावरच सगळं आहे आता." आणि भिंगरी, एक क्षण मला बरं वाटलं. इतकं सगळं होऊनसुद्धा. त्याने माझ्यासाठी खुर्ची सोडली म्हणून. त्या एका क्षणाची मला जेवढी लाज वाटते तेवढी खोट्याचीही वाटत नाही. मी बसले नाही. पण ते धैर्य होतं असं समजू नकोस. तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं, म्हणून.

आत वकीलबाई आणि आणखी दोघी. मालक कडेला, हाताची घडी घालून. वकीलबाईंनी विचारलं, "मागच्या वर्षी तक्रार आली होती असं दोन साक्षीदार सांगतात. मालक म्हणतात तसा कागद नाही. तुम्ही काउंटरला असता. तुम्हाला काय माहीत आहे?"

मी पर्समधून तुझा अर्ज काढून टेबलावर ठेवला. मालक अर्धवट उठले आणि परत बसले.

वकीलबाईंनी तो सावकाश वाचला. कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही 'घरची व्यक्ती' कोण?"

"मी. मी तिची मोठी बहीण."

"तुम्ही काय म्हणाला होतात?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द. तिखटमिठासकट.

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं की तक्रार खरी आहे?"

"हो. मेसेज मी वाचले होते. नंबरही मीच दिला होता. दोघींचा."

"मग खोटं का बोललात? नोकरी जाईल म्हणून? दबाव होता?"

बघ, तिने मला दार दाखवलं होतं. हो म्हटलं असतं तर सगळ्यांनी च् च् केलं असतं. मालकांवर ढकलून मी मोकळी झाले असते. मी म्हटलं, "नाही. मला तिचा हेवा वाटत होता."

"कसला?"

"तो तिच्या मागे लागला होता, याचा."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, पुन्हा घातला. त्यांच्या शेजारची बाई माझ्याकडे अशी बघत होती, जशी आपण गटारात पडलेल्या माणसाकडे बघतो. काढावं की नको.

"हे लिहून घेऊ?" वकीलबाई म्हणाल्या.

"घ्या."

त्यांनी लिहिलं. मला वाचून दाखवलं. मी सही केली. बाहेर आले तेव्हा सर उभेच होते. आत काय झालं ते त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं असावं. एका शब्दात शिवी दिली, जी मी इथे लिहीत नाही. इतकी वर्षं 'मॅडम' म्हणणाऱ्या माणसाला तो शब्द शोधावा लागला नाही, जिभेवर तयारच होता. मावशी जिन्याशी होती, तिनेही ऐकला. म्हणाली, "ताई, आज तुम्हाला त्याचा खरा आवाज ऐकू आला."

पुढचं तू होतीस. पण मी माझ्या बाजूने सांगते.

गेटशी तू आणि नर्स उभ्या होतात. तुझे केस कापलेले बघून मला ओळखायला वेळ लागला. तिचा हात तुझ्या पाठीवर होता, आणि तू तो राहू दिला होतास. लहानपणी मी हात ठेवला की तू झटकायचीस, पळायची घाई असायची तुला. माझं सगळं लक्ष त्या हातावर. तुझ्या चेहऱ्याकडे नंतर बघितलं.

मी म्हटलं, "घरी चल. आई वाट बघतेय."

तू म्हणालीस, "आईला उद्या भेटेन. तू कामावर गेल्यावर."

"मला काढलंय. आत्ताच."

तू नर्सकडे बघितलंस. मग म्हणालीस, "मग उद्या दहा ते एक कुठेतरी बाहेर जा."

मी 'बरं' म्हटलं. तुझं ऐकून मी इतक्या पटकन कधी बरं म्हटलं होतं, आठवत नाही.

ताई


६ ऑक्टोबर

भिंगरी,

निकालाचं तुला वकीलबाईंनी कळवलंच असेल. सरांना काढलं, तीन पानी अहवाल आहे. पोलिसांत गुन्हाही नोंदवला गेलाय. तिथे मला पुन्हा साक्षीला जायचंय, मी जाईन. मालकांनी तुझ्या जुन्या मुख्याध्यापिकाबाईंना लेखी माफीचं पत्र पाठवलं. त्याची एक प्रत मावशीने मला वाचायला आणून दिली. मी तीनदा वाचलं. त्यात तुझं वागणं निर्दोष होतं असं लिहिलंय. निर्दोष हा शब्दही मला जरासा खुपला. सवय आहे, जाता जाईना.

मला एका दवाखान्यात काम मिळालंय, केसपेपर काढायचं. तिथे कुणी काउंटरवर कोपर टेकत नाही. सगळे आजारी असतात.

पण मला लिहायचंय ते त्या दिवसाबद्दल, सतरा तारखेच्या सकाळबद्दल. त्या दिवशी संध्याकाळी तुला पत्र लिहिलं तेव्हा हे त्यात घातलं नाही. जमलं नाही.

साडेनऊला मी घरातून निघाले. आईने विचारलं, कुठे चाललीस? म्हटलं, काम आहे. मी लांब जाणार होते. पण आपल्या घरासमोरच्या रस्त्यापलीकडे औषधांच्या दुकानाबाहेर बाक आहे ना, तिथपर्यंतच गेले. झाड आडवं येतं, त्यामुळे वरून कुणाला दिसत नाही. मला मात्र आपली खिडकी दिसते.

दहाला पाच मिनिटं असताना तू आलीस. ती नर्सही बरोबर होती. मला वाटलं खालूनच परत जाईल. तीही वर आली. पंधरा मिनिटांनी खिडकी उघडली. आई खिडकीशी आली आणि मागून तू. तू तिच्या डोळ्यात औषध घालत होतीस. रोज ते मी घालते, आई रोज कुरकुर करते, हळू, हळू. तुझ्यापुढे एकदम शहाण्या मुलीसारखी मान वर करून उभी होती. मग ती नर्स काहीतरी बोलली आणि तिघी हसलात. आईचा आवाज रस्त्यापर्यंत आला. आई असं हसू शकते हे मी विसरले होते. माझ्या घरात, माझ्या खुर्चीत ती बाई बसली असणार, माझ्या कपात चहा पीत असणार. आणि मी बाकावर, मांडीवर पर्स घेऊन.

बाराला मी उठले. रस्ता अर्धा ओलांडला. मनात वाक्यही तयार होतं, चष्मा विसरले होते, घ्यायला आले. चष्मा डोळ्यावरच होता. वर गेले असते तर तू काय केलं असतंस? काही नाही. पर्स उचलली असतीस, आईच्या पाया पडली असतीस आणि जिना उतरली असतीस. आईचं हसणं तिथेच थांबलं असतं. आणि मला, भिंगरी, खरं सांगते, त्याने थोडं बरं वाटलं असतं.

मी परत येऊन बाकावर बसले. एक वाजला. तुम्ही उतरला नाहीत. सव्वा झाला, दीड झाला. भूक लागली होती, ऊन बाकावर आलं होतं. ठरलेली वेळ संपली होती, मला वर जायचा हक्क होता. घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. तुम्ही उतरलात तेव्हा सव्वादोन झाले होते. तू वळून वर बघितलंस, आईने हात हलवला. कोपऱ्यावर तुम्ही दिसेनाशा झाल्यावरही मी थोडा वेळ बसून राहिले. लगेच वर गेले असते तर आईला कळलं असतं की मी समोरच होते, आणि तिने तुला सांगितलं असतं.

आता मीच सांगितलं.

पुढच्या वेळी येशील तेव्हा आईला आदल्या दिवशी कळव. मी बाहेर असेन, त्या बाकावरही नाही, नीट लांब. एकपर्यंत थांबायची घाई करू नकोस. संध्याकाळपर्यंत थांब. राहायचं असेल तर राहा, मी दवाखान्यातल्या एका मैत्रिणीकडे झोपायला जाईन, तिला विचारून ठेवलंय. नर्सलाही आणायचं असेल तर आण. आईला ती आवडते.

चादरी धुऊन ठेवल्यात.

ताई